सातवं फूल

सहा होती. मी मुद्दाम मोजली नाहीत. माझे डोळेच मोजतात, त्याला मी काय करू? चौतीस वर्षं बुखारेस्टमध्ये औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले. तळहातावर गोळ्या ओतल्या की नऊ आहेत की दहा, ते मला नुसतं बघून कळतं. तसंच कळलं की तिबीच्या हातात सहा कार्नेशन आहेत. पांढरी, लांब दांड्यांची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. तिबी म्हणजे तिबेरिउ, माझा नवरा. शनिवारची सकाळ होती. सिबियू गावाच्या खालच्या पेठेत ज्या घरी आम्ही दोन दिवसांपुरते उतरलो होतो, त्याच्या अंगणात तो फाटकातून शिरला तो अगदी चोरासारखा, फुलं कोटाच्या आड धरून. मी खिडकीतून पाहिलं आणि जिना अशी धावत उतरले की गुडघ्यांनासुद्धा विचारलं नाही. "माझ्यासाठी?" मी म्हटलं. तो थांबला. आधी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "मग काय, पाद्र्यासाठी?" मी हसले, त्याच्या गालाचा मुका घेतला, फुलं घेऊन वर आले. घरमालकिणीने दिलेल्या लोणच्याच्या बरणीत एकेक दांडी सोडताना मात्र मनात पाल चुकचुकली. सहा?

आमच्याकडे शाळेतल्या पोरालासुद्धा माहीत असतं. बाईला फुलं द्यायची तर एक, तीन, पाच, सात. सम फुलं फक्त मेलेल्या माणसाची. वाढदिवसाला कुणी चुकून चार आणली तर यजमानीण हसतहसत एक काढून घेते आणि त्या पाहुण्याला जन्मभर विसरत नाही. आणि तिबी काही असा बावळट नाही. सत्त्याऐंशी साली, जेव्हा फुलांच्या दुकानांत कार्नेशनशिवाय दुसरं फूल दिसत नसे, तेव्हासुद्धा नोंदणी कचेरीच्या दारात तो सात घेऊन उभा होता. सात, मी तेव्हाही मोजली होती. म्हणजे आज त्याने सातच घेतली असणार. मयत तर कुणाचं झालं नव्हतं. सात घेतली, आणि बाजारापासून या अंगणापर्यंत येताना एक कुणाला तरी दिलं. कुणाला? बत्तीस वर्षं ज्या गावाचं नाव काढलं की "काय आहे तिथे, पाऊस आणि कारखाना" म्हणायचा, तिथे यायचं त्यालाच एप्रिलमध्ये अचानक सुचलं. "दोन दिवस जाऊन येऊ या का गं, ओती? आता हिंडायचं नाही तर केव्हा?" मी मूर्खासारखी नवे बूट घेतले.

विचारलं का नाही, म्हणाल. विचारलं असतं तर तो काहीतरी बोलला असता, आणि मग त्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे आणखी एक काम होऊन बसलं असतं. मी माझ्या स्वभावाला ओळखते. दातांच्या डॉक्टरकडची नर्स, चौथ्या मजल्यावरची ती घटस्फोटित सेक्रेटरी, एकदा तर माझी सख्खी मावसबहीण; प्रत्येकीवरून मी घर डोक्यावर घेतलंय, आणि प्रत्येक वेळी कानाला खडा लावलाय. म्हणून या खेपेला तोंड शिवून ठेवलं. फक्त बरणीतलं एक कार्नेशन काढलं, दांडी आखूड मोडली आणि रेनकोटाच्या काजात खोवलं. बरणीत राहिली पाच. आता ती जिवंत बाईची फुलं दिसत होती. तिबी दारात उभा राहून बघत होता. "हे कशाला?" "का? शोभत नाही मला?" "शोभतं की," तो म्हणाला, पण त्याची नजर फुलावर होती, माझ्यावर नव्हती.

मग हिंडलो. वरच्या पेठेकडे जायला खालून एक जिन्याचा बोळ आहे, कमानींखालून जाणारा, नवख्याला पटकन सापडत नाही असा. तिबी बोलताबोलता त्या बोळात असा वळला, जसा आपल्या स्वयंपाकघरात वळावा. पायऱ्या मध्येच उंच होतात तिथे त्याने न बघता पाय उंच उचलला. मी ठेचकाळले. एखाद्या गावात तीन वर्षं फक्त कारखाना बघितलेल्या माणसाचे पाय असे वागत नाहीत. कॉलेज संपल्यावर सरकारने नोकरी नेमून दिली, म्हणून तो ब्याऐंशी ते पंच्याऐंशी इथे होता, एवढं मला माहीत होतं. आणि एक फोटो. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याच्या मोजपट्ट्यांच्या डब्यात सापडलेला. कपाळावर केस कापलेली मुलगी पायरीवर बसलीय, उन्हाला हात आडवा धरलाय, त्यामुळे अर्धा चेहरा सावलीत. "कोण ही?" "कारखान्यातली कुणीतरी." "कुणीतरीचा फोटो डब्यात ठेवतात?" "ओती, डबा माझा नाहीच, पेत्रूचा आहे." पुढच्या वेळी डबा उघडला तर फोटो नव्हता. पेत्रू म्हणजे त्याचा मित्र; मी त्यालाही विचारलं होतं, त्याच्याच लग्नात, नवरी शेजारी उभी असताना. तो कसा लाल झाला होता ते आठवलं आणि तीस वर्षांनी माझीच मला लाज वाटली. पण पायऱ्या चढताना मी प्रत्येक पायरीकडे बघत होते. ही असेल का? की ती वरची, कमानीजवळची, जिथे ऊन येतं?

मोठ्या चौकात ऊन होतं. सिबियूच्या घरांच्या उतरत्या कौलांना अरुंद झरोके असतात, पापण्या अर्ध्या मिटल्यासारखे. गावाचे डोळेच म्हणतात त्यांना. लोक माना वर करून त्यांचे फोटो काढत होते. मी खाली बघत होते, बायकांकडे. कुणाच्या हातात, कुणाच्या पर्समध्ये, कुणाच्या केसात एक पांढरं कार्नेशन आहे का? हसू येतं आता, पण तेव्हा माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता. कोव्रिगी, म्हणजे भाजलेल्या पावाची खारी कडी, विकणाऱ्या बाईने तिबीला गरम कडं जरा जास्तच गोड हसून दिलं, तर मी तिच्या काउंटरमागे वाकून बघितलं. "काही हवंय का बाई?" "नाही, मीठ कसलं वापरता ते बघत होते." जेवायला बसलो तर टेबलाटेबलावर काचेच्या नळीत एकेक पांढरं कार्नेशन! दहा-बारा टेबलं. मी इतका वेळ गप्प बसले की तिबीने विचारलं, "सूप आंबट झालंय का?" "आंबटच असतं ते." "मग तोंड असं का?" "तोंड माझं आहे." तो माझ्या कोटावरच्या फुलाकडे बघत पावाचे तुकडे करत राहिला. आमच्या लग्नाचं मला कायम हेच सलत आलंय, की हा माणूस माझ्याशी कधी भांडतच नाही. त्याच्या आईच्या हृदयाच्या गोळ्या कुठे मिळत नव्हत्या, मी पदरमोड करून मिळवून दिल्या. तो औषध न्यायला यायचा, आणि एक दिवस मलाही घेऊन गेला. अशी आमची गोष्ट. सगळे हसतात ऐकून, मीच सांगते हसवून. पण कृतज्ञता म्हणजे काय हे मला कळतं हो. आणि ती माझ्यासाठी होती, तर त्या पायरीवरच्या मुलीसाठी काय होतं, एवढंच मला बत्तीस वर्षं कळलेलं नाही.

जेवणानंतर त्या लोखंडी पुलावर गेलो. त्यावर उभं राहून खोटं बोललं तर पूल पडतो म्हणतात. त्यामुळे तिथे नेहमी जोडप्यांची गर्दी, एकमेकांना काहीबाही विचारून खिदळणारी. मीही कठड्याला टेकले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सकाळी कुठे गेला होतास रे?" "फुलं आणायला." "कुणी भेटलं?" "नाही." "कुणीच?" "कुणीच नाही, ओती. फुलवाली होती." पूल हलला नाही. खालून एक टॅक्सी गेली. "नुसता बोभाटा आहे या पुलाचा," मी म्हटलं. तिबी म्हणाला, "मला जरा पडावंसं वाटतंय. पाय दुखतात." खोलीवर येऊन तो बूटसुद्धा न काढता आडवा झाला, बरणीकडे तोंड करून. मी त्याच्या श्वासाची लय जड होईपर्यंत थांबले आणि नदीकाठच्या बाजाराची वाट धरली.

फुलवाली जाडजूड होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हाताला हिरवा डाग. बादलीत पांढरी कार्नेशन अजून होती. "मावशी, सकाळी एक उंच माणूस आला होता? करडी टोपी, इथे गालावर तीळ?"

"आला होता की. पांढरी कार्नेशन नेली. सहा."

"सात."

"सहा. मला शिकवता काय ताई? सम मागितली म्हणून मी विचारलंसुद्धा. लोक चुकून नेतात आणि मग येऊन माझ्याच नावाने शंख करतात. म्हटलं, दादा, मेलेल्या माणसाला ना? हो म्हणाला. मी म्हटलं, देव त्यांना क्षमा करो. तर म्हणाला, तिला." तिने रुमाल सारखा केला. "बायको असणार हो बिचाऱ्याची. बायको गेलेला पुरुष मी लांबून ओळखते. तोंड बघा, कॉलर बघा. बघणारं कुणी राहिलेलं नसतं ना."

कॉलरला मी गुरुवारीच इस्त्री केली होती. ती माझ्याकडे निरखून बघायला लागली. "तुम्ही कोण त्यांच्या?"

"शेजारीण," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. बायको मेली म्हणून हळहळणाऱ्या बाईसमोर मी जिवंत बायको आहे हे सांगायचं कसं? तिची नजर माझ्या कोटाच्या काजावर गेली. फूल तिने ओळखलं. आपला माल कोण ओळखत नाही? "शेजारीण का," ती म्हणाली, ओठ एका बाजूला ओढून. "बरं बरं. पण एक सांगते ताई, मेलेल्या बाईच्या वाट्याचं अंगावर मिरवू नये. चांगलं नसतं ते."

मी बाजाराच्या टोकाला टरबुजांच्या रिकाम्या खोक्यावर बसले. सातवं फूल नव्हतंच. सकाळपासून ज्याच्या मागे मी जिवाचं रान केलं ते कुठे नव्हतंच; आणि जी सहा होती त्यातलं एकही माझं नव्हतं. मी धावत जिना उतरले होते! "माझ्यासाठी?" म्हटलं होतं! मग फेब्रुवारीतला तो फोन आठवला. आम्ही नाश्त्याला बसलो होतो, त्याने फोन घेतला, एक शब्द न बोलता किती वेळ ऐकत राहिला, आणि ठेवताना त्याने क्रूसाची खूण केली. "कोण होतं?" "चुकीचा नंबर." चुकीच्या नंबराला कुणी क्रूस करतं का? आणि मी, जी चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरीच्या लिपस्टिकचा रंग सांगू शकते, त्या मला हे दिसलं नाही, कारण मी उकडलेलं अंडं सोलत होते. त्या खोक्यावर बसून मला दुःख झालं असं वाटत असेल तर तसं नाही. मला मत्सर वाटला, असा की दात शिवशिवायला लागले. जिवंत बाईचं एक बरं असतं. ती जाड होते, दमते, तिच्याशी भांडता येतं, तिला एकदा गाठून चार शब्द सुनवता येतात. ही मात्र उन्हाला हात धरून तिथेच पायरीवर बसून राहणार. आणि तिच्यासाठी तिबीचा चेहरा बायको मेल्यासारखा होतो! मी मेल्यावर तो कसा होईल, हे मला बघायला मिळणार नाही.

परत आले तेव्हा तो उठून खाटेच्या कडेला बसला होता. मी कोटही न काढता विचारलं, "नाव काय तिचं?"

त्याने सोंग आणलं नाही, तेवढं त्याचं कौतुक. "लिजिया," तो म्हणाला.

"कशाने गेली?"

"रक्ताचा कॅन्सर."

"भेटत होतास?"

"पंच्याऐंशीनंतर एकदाही नाही. पत्र नाही, काही नाही. तिचं लग्न झालेलं, नातवंडं आहेत. मी घरी येऊन आईच्या आजारपणात अडकलो, ती इथलं सोडून येईना. एवढंच झालं."

"मग फोन कुणाचा होता?"

"बहिणीचा. तिने सांगून ठेवलं होतं, मला कळवा म्हणून."

तिने सांगून ठेवलं होतं. मरताना जी चार नावं माणूस घेतं त्यांत माझ्या नवऱ्याचं नाव होतं. मी खिडकीकडे गेले, परत आले. "आणि मला सांगायला तोंड नव्हतं? तुझ्या हातून तिची फुलं मी घेतली तेव्हा तरी?"

"तू अशी धावत आलीस," तो म्हणाला. "इतकी खूश झालीस. मला बोलवेना, ओती. म्हटलं, सोमवारच्या आत जाऊन येईन कसाबसा, दुसरी घेऊन." आणि मग तो असा रडायला लागला, आवाज न करता, की मला त्याची कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला. "दुसरी कशाला?" मी म्हटलं. "हीच घेऊन जायची. मला कुणाची उष्टी फुलं नकोत. सकाळी मीही येणार आहे." "तू कशाला?" "बघायला."

रविवारी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो. रानाला लागून आहे दफनभूमी. फाटकाबाहेर मेणबत्त्या आणि फुलं विकणाऱ्यांची रांग होती, तिबीने तिकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं छातीशी धरून चालत होता. बरीच आत, पाइनच्या झाडांखाली, बहिणीने सांगितलेली ओळ सापडली. दगडावर गोल फोटो बसवला होता. मी वाकले. चष्मा लावलेली, दुहेरी हनुवटीची, केस आखूड रंगवलेली एक बाई. माझ्यासारखी. दुकानात आली असती तर मी तिला रक्तदाबाची गोळी देऊन पुढचं गिऱ्हाईक बोलावलं असतं. वाटलं होतं, बघितल्यावर आत काहीतरी निवेल. निवलं नाही. उलट वाटलं, हिच्यात असं काय होतं?

तिबीने बारीक मेणबत्ती लावली, वाळूत रोवली. कागद उलगडला आणि एकेक फूल मांडायला लागला. पाचवं ठेवून त्याचा हात कागदात चाचपडला. "पाचच," तो म्हणाला, आणि एकदम काल सकाळच्या बरणीची आठवण होऊन ओशाळला. माझ्या कोटाकडे त्याने बघितलं नाही, मुद्दाम बघितलं नाही. "मी फाटकावरून एक घेऊन येतो," म्हणाला आणि मला बोलायची उसंतही न देता दुखऱ्या पायांनी निघाला.

मी आणि ती राहिलो. काजातलं फूल कडेने तपकिरी झालं होतं, पण मान ताठ होती. पाच फुलं तिच्या दगडावर, पांढरी, नीट मांडलेली. पाच! बायकोला देतात तशी, प्रेयसीला देतात तशी. कुणीही येणारा-जाणारा बघून म्हणाला असता की ही कुणाचा तरी वाढदिवस समजून आणली. तिबीला फाटकापर्यंत जाऊन यायला दहा मिनिटं तरी लागणार. तेवढा वेळ ही बाई अशी जिवंत बाईची फुलं घेऊन माझ्यासमोर राहणार? मला ते सोसेना. मी काजातून फूल ओढून काढलं आणि पाचांच्या शेजारी ठेवलं. सहा. झालीस आता. मोठ्या मनाने वगैरे काही नाही, ती मेलेलीच राहावी म्हणून ठेवलं. वर रीत म्हणून "देव तिला क्षमा करो" असंही म्हटलं. देवाने करावी, माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

तिबी परत आला तो धापा टाकत. हातात एक लाल कार्नेशन होतं. पांढरी संपली होती म्हणे. त्याने दगडाकडे बघितलं, ओठ हलवून मोजलं, आणि त्याचे डोळे भरून आले. "ओती," तो म्हणाला, "किती चांगली आहेस गं तू. माझी काय लायकी." मी त्याला तसंच समजू दिलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याशी खोटं वागत होते आणि ते मला जमत होतं. तो ते लाल फूल घेऊन तसाच उभा राहिला. दगडावर ठेवलं असतं तर सात झाली असती. खिशात घालावं तर दांडी लांब. शेवटी त्याने ते माझ्यापुढे धरलं, जरा घाबरतच. उरलेलं होतं, हे मला माहीत होतं. दुसरीसाठी धावत जाऊन आणलेलं होतं, हेही. मी घेतलं. मोजण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी मी मोजलं. एक.